जुन्या फर्निचरचे पाय बदलून उंची कमी-जास्त कशी करायची, अगदी मोजमापापासून

जुना सोफा, जुनी खुर्ची, लाकूड ठणठणीत, सांधे अजून घट्ट, आणि तरी लोक ते काढून टाकतात. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फार खाली आहे हो, एकदा बसलं की उठवत नाही". नाहीतर पलंग एवढा उंच की नवीन जाड गादी टाकल्यावर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. मला खरंच वाईट वाटतं असं ऐकलं की, कारण तक्रार सगळ्या फर्निचरची नसतेच, खालच्या चार तुकड्यांची असते, आणि ते चार तुकडे बदलणं हे सुतारकामातल्या सोप्या कामांपैकी एक आहे. फक्त ते नीट क्रमाने केलं पाहिजे. बहुतेक जण आधी पाय विकत आणतात आणि मग ते कुठे आणि कसे बसणार याचा विचार करतात, आणि काम तिथेच अडतं.

आधी माणूस मोजा

बसायच्या वस्तूची उंची ठरते ती त्यावर रोज बसणाऱ्या माणसाच्या पायावरून. त्या माणसाला एका कडक खुर्चीवर बसवा, पाऊल पूर्ण जमिनीवर, घरात चप्पल घालत असतील तर चप्पल घालूनच, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत टेपने मोजा. हे माप म्हणजे तुमचा आधार. साधारण निरोगी माणसाला सीट या मापाएवढी किंवा एक-दोन सेंमी कमी असली की आरामात बसता येतं. गुडघे किंवा कंबर दुखणारं कोणी असेल तर तीच सीट ३ ते ५ सेंमी जास्त ठेवली तर उठताना फरक लगेच कळतो, कारण गुडघा जितका जास्त दुमडलेला तितकी उठायला ताकद जास्त लागते. ऑपरेशन झालेलं असेल आणि डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने काही उंची सांगितली असेल तर मग बाकी सगळं सोडा आणि तीच धरा.

आता यात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे गादी दबते. सोफ्याची सीट मोकळी असताना ४५ सेंमी दिसेल, पण माणूस बसल्यावर ती ४० वर आलेली असते, आणि गुडघ्याला फरक पडतो तो ४० चा. म्हणून माप घेताना कोणालातरी बसवा आणि बसलेल्या अवस्थेत पुढच्या कडेला मांडीखाली गादी किती खाली गेली ते मोजा. जुन्या सोफ्यात पुष्कळदा असं निघतं की पाय ठीकच आहेत, फोम मेलाय. सीट नेहमीच्या दुप्पट दबत असेल तर आधी फोम किंवा खालचे पट्टे बदला, पाय बदलून तो प्रश्न सुटणार नाही, उलट उंच सोफ्यात खड्ड्यात बसल्यासारखं होईल.

टेबलाचं गणित वेगळं. तिथे जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा सीट आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यातलं अंतर महत्त्वाचं, ते २५ ते ३० सेंमी असावं. म्हणूनच ४५ ची खुर्ची आणि ७३ ते ७५ चं टेबल ही जोडी जगभर दिसते. खुर्चीची उंची बदलली की टेबल अचानक चुकीचं वाटायला लागतं हे लक्षात ठेवा. आणि टेबलाचे पाय कापताना फळीखाली जी उभी पट्टी फिरवलेली असते तीही खाली येते, सीटपासून त्या पट्टीपर्यंत १८-२० सेंमी तरी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर मांड्या अडकतात. पलंगाला गादी धरून एकूण ५० ते ६० सेंमी ही बहुतेकांना बरी पडणारी उंची, पण तिथेही कडेला बसून पाऊल पूर्ण टेकतं का ही तपासणी कुठल्याही आकड्यापेक्षा खरी.

मग ठोकळे लावून आठवडाभर वापरा

हे पाऊल कोणी करत नाही आणि मी तर म्हणेन सगळ्यात जास्त उपयोग याचाच. उंची वाढवायची असेल तर प्लायचे किंवा लाकडाचे सारख्या जाडीचे तुकडे घ्या, पायाच्या तळापेक्षा चांगले मोठे, आणि प्रत्येक पायाखाली ठेवून त्यावर रोजच्यासारखं बसा-उठा. एकावर एक तुकडे ठेवणार असाल तर ते स्क्रूने एकमेकांना जोडून घ्या, सुटे ठेवले तर सरकतात, आणि पुस्तकं तर नकोच. दोन-तीन दिवसांत घरातले लोक आपोआप सांगतात, अजून थोडं हवं, किंवा आता पाय लोंबकळतात. एक तुकडा काढा, एक घाला. ज्या उंचीवर तक्रार थांबते तिथली ठोकळ्यांची एकूण जाडी लिहून ठेवा. कमी करायची असेल तर हे उलट जमत नाही, तिथे तेवढ्या कमी उंचीच्या दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर बसून अंदाज घ्यावा लागतो, आणि कापताना एकदम सगळं न कापता आधी थोडं कमी कापायचं.

आता उलटं करा आणि पाय कशाने धरलाय ते बघा

ड्रॉवर, काच, गाद्या, जे सुटं असेल ते सगळं काढा, जमिनीवर जाड चादर किंवा कांबळं अंथरा आणि दोघांनी मिळून उलटं करा. सोफा एकट्याने पाठीवर पाडायला जाऊ नका, मागच्या दोन पायांवर सगळं वजन येतं आणि जुना पाय तिथेच चिरतो. सोफ्याच्या बुडाला पातळ काळं कापड पिनांनी मारलेलं असतं, कोपऱ्यातल्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटून कापड तेवढंच मागे दुमडा, सगळं फाडू नका, नंतर परत मारायचंय. काहीही सोडवायच्या आधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा.

जोडणीचे मुख्य प्रकार चार आणि तुमचं पुढचं सगळं काम तुमचा प्रकार कुठला यावर.

पहिला, फिरवून निघणारा पाय. पाय हाताने घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून बघा, फिरला तर त्याच्या डोक्यातून एक बोल्ट बाहेर आलेला दिसेल. या बोल्टची एक बाजू लाकडात रुतणारी, खरखरीत आट्यांची, आणि दुसरी बाजू नट बसेल अशी बारीक आट्यांची असते, याला हँगर बोल्ट म्हणतात. फ्रेमच्या बाजूला त्याला घ्यायला आतून बसवलेला नट असतो. हा प्रकार तुमच्या नशिबात असेल तर अर्धं काम झालं. पाय घट्ट बसला असेल तर पकडीने लाकूड चावू नका, रबरी हातमोजा घाला किंवा जुना रबरी पट्टा गुंडाळून फिरवा.

इथे आट्यांचा घोळ होतो, म्हणून जरा थांबतो. बाजारात मिळणारे बहुतेक पाय एम ८ मापाचे, म्हणजे बोल्टचा व्यास ८ मिमी. पण अमेरिकन पद्धतीच्या फर्निचरला ५/१६ इंच माप असतं, ते होतं ७.९ मिमी, म्हणजे टेपने दोन्ही सारखेच दिसणार. फरक आट्यांच्या अंतरात आहे. एम ८ चे १० आटे साडेबारा मिमी लांबीत बसतात, ५/१६ चे १० आटे घेतात साधारण १४ मिमी. पट्टी लावून मोजा, कळेल. किंवा त्याहून सोपं, एम ८ चा एक सुटा नट घ्या आणि जुन्या बोल्टवर फक्त बोटांनी चढवा. शेवटपर्यंत गुळगुळीत गेला तर एम ८. दोन-तीन फेरे जाऊन जाम झाला तर माप वेगळं आहे, आणि तिथे पान्याने जोर लावायचा नाही, आटे खराब झाले की फ्रेममधला नट पण गेला. मोठ्या जड सोफ्यांना एम १० पण असतो.

दुसरा प्रकार, धातूची प्लेट. चार स्क्रूंनी बुडाला मारलेली आणि मधल्या भोकात पाय फिरवून बसवलेला. सगळ्यात सोपा. प्लेट सरळही मिळते आणि तिरकीही, म्हणजे पाय बाहेर झुकलेला राहतो.

तिसरा, जेवणाच्या किंवा अभ्यासाच्या टेबलाचा, कोपऱ्यात आडवा ठोकळा किंवा पत्र्याचा कोपरा आणि त्यातून आलेल्या बोल्टला नट. नट सोडला की पाय सुटतो, पण त्या पायाचं वरचं टोक खास त्या कोपऱ्यासाठी कापलेलं असतं, त्यामुळे दुसरा कुठलाही तयार पाय तिथे बसत नाही. नवीन बनवायचा तर सुताराकडून वरचा भाग हुबेहूब जुन्यासारखा करून घ्यावा लागतो. अशा टेबलाला खालून कापणं किंवा जोड देणं बरं.

चौथा, फ्रेममध्ये भोक आणि पायाचं टोक त्यात सरस लावून कायमचं बसवलेलं. लाकडी खुर्च्या जवळजवळ सगळ्या अशाच, आणि खुर्चीचे मागचे पाय तर वर जाऊन पाठच होतात, ते बदलायचा प्रश्नच येत नाही. इथे पाय ओढून काढायचा प्रयत्न कृपया करू नका. जुना सरस गरम पाण्याने, वाफेने सैल होतो हे खरं, पण ते सांधा दुरुस्त करताना कामाचं, उंची बदलण्यासाठी चांगला सांधा मोडणं चूक आहे.

उलटं केलंच आहे तर अजून दोन मिनिटं द्या. पायाच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा दिसतोय का बघा, असेल तर किडा अजून आत आहे, आधी त्याचं औषध. जिथे पाय बसणार तिथे जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, सहज रुतलं तर लाकूड कुजलंय आणि तो तुकडा बदलल्याशिवाय नवीन पाय बसवण्यात अर्थ नाही. आणि मधला पाय मोजा! लांब सोफा आणि डबल बेडला मध्ये एक किंवा दोन आधाराचे पाय असतात, लोक चार कोपरे ५ सेंमी वाढवतात आणि मधला तसाच ठेवतात, मग तो हवेत राहतो, आणि काही महिन्यांत मधली पट्टी वाकते. जितकं कोपऱ्यांना तितकंच मधल्याला. मधला पाय खालून स्क्रूने कमी-जास्त होणारा घेतलात तर सगळ्यात उत्तम.

पाय निवडताना

लांबीचा हिशोब सोपा आहे, जुन्या पायाची लांबी अधिक ठोकळ्यांवर ठरलेला आकडा, आणि प्लेट नवीन लावणार असाल तर तिची जाडी त्यातून वजा, तळाला रबर किंवा फेल्ट (जाड, मऊ लोकरी कापडाची चकती) लावणार असाल तर तेही वजा. तिरक्या पायाला मात्र लांबी आणि उंची एक नसते. १५ अंश झुकलेला २० सेंमीचा पाय प्रत्यक्षात १९.३ सेंमी उंची देतो. विकणाऱ्याला विचारा की सांगितलेलं माप पायाच्या बाजूने आहे की उभं.

पाय जितका लांब तितका वरच्या जोडावर ताण जास्त, हे मनात पक्कं ठेवा. सोफा बाजूला ढकलला की जमीन पायाला उलट ढकलते आणि तो सगळा जोर वरच्या एका बोल्टवर येतो, १० सेंमीचा पाय २० चा केलात तर त्याच धक्क्याला बोल्टवरचा ताण दुप्पट होतो. त्यामुळे १५ सेंमीच्या वर जाणार असाल तर एका बोल्टवर भागवू नका, मोठी प्लेट घ्या किंवा पुढचा-मागचा पाय खालून आडव्या पट्टीने जोडा.

लाकडी पाय घेताना रेषा बघा. लाकडाच्या रेषा पायाच्या उभ्या दिशेने सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर पाय नेमका त्या तिरक्या रेषेवर मोडतो, विशेषतः खाली निमुळता होत गेलेला पाय. गाठ असलेला पाय परत करा. सागवान, शिसम, बीच अशी घट्ट लाकडं चांगली, पाइनचा पाय छोट्या स्टुलाला चालेल पण तिघांच्या सोफ्याला मी लावणार नाही. चाकं लावायचा विचार असेल तर चाकाची उंची पूर्ण धरा आणि निदान दोन चाकांना ब्रेक असू द्या, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्चीला चाकं नकोतच.

पुढचे पाय आणि मागचे पाय सारखेच असतात असं धरू नका, पुष्कळ सोफ्यांना मागचे एखाद-दोन सेंमीने छोटे असतात म्हणजे सीट मागे झुकते आणि रेलून बसता येतं. ६० सेंमी अंतर असेल तर दर १ सेंमी फरकाला साधारण १ अंश झुकाव येतो. ज्यांना उठायला त्रास होतो त्यांच्यासाठी हा झुकाव कमी करा, म्हणजे मागचे थोडे जास्त वाढवा, कारण मागे कललेल्या सीटवरून आधी पुढे सरकावं लागतं आणि मगच उठता येतं. माझ्या आत्याच्या खुर्चीत एकूण उंचीपेक्षा या कलण्याचाच त्रास जास्त होता, मागच्या पायांना दोन सेंमी जोड दिल्यावर ती हाताने ओढून न घेता उठायला लागली.

बसवायचं काम

फिरवणारा पाय असेल आणि आटे जुळले असतील तर एक वॉशर घालून हाताने घट्ट करा, पायाचं खांद्यासारखं वरचं तोंड फ्रेमला पूर्ण टेकलं पाहिजे. ते टेकणंच पायाला सरळ उभं ठेवतं, बोल्ट फक्त ओढून धरतो. मध्ये फट राहत असेल तर बोल्ट लांब आहे किंवा भोक उथळ आहे, जोर न लावता ते आधी सोडवा.

फ्रेममध्ये नट नसेल तर दोन रस्ते. फ्रेमच्या पट्टीच्या आतल्या बाजूला हात पोचत असेल तर टी-नट बसवा, म्हणजे टोकदार दाते असलेली चकती आणि मध्ये आट्यांची नळी. एम ८ ला साधारण १० मिमीचं आरपार भोक लागतं, पण आणलेल्या टी-नटाची नळी मोजूनच बिट निवडा. चकती पायाच्या विरुद्ध बाजूला, आतून बसली पाहिजे, तरच पाय घट्ट करताना ती लाकडात अजून रुतते. पायाच्या बाजूने ठोकली तर ओढ लागल्यावर निघून येते. आणि ती हातोड्याने ठोकण्याऐवजी उलट बाजूने बोल्ट आणि मोठा वॉशर घालून हळूहळू आत खेचा, दाते सरळ बसतात, लाकूड फुटत नाही.

हात पोचत नसेल तर प्लेट. प्लेट कुठे मारायची हे महत्त्वाचं, बुडाच्या पातळ प्लायवर किंवा हार्डबोर्डवर मारून उपयोग नाही, वजन मुख्य फ्रेमच्या पट्ट्यांवर गेलं पाहिजे. कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांना टेकेल असा १८ मिमी प्लायचा त्रिकोणी किंवा चौकोनी तुकडा कापा, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून पट्ट्यांना जोडा, त्यावर प्लेट. पार्टिकल बोर्डचं फर्निचर असेल तर हा प्लायचा तुकडा हवाच, त्या बोर्डात स्क्रू थोडे दिवस धरतात आणि मग भुसा होऊन सुटतात. स्क्रूची लांबी खालच्या लाकडाच्या जाडीपेक्षा २-३ मिमी कमी, आणि प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक.

सुताराकडून कोरा पाय करून घेतला असेल तर त्यात हँगर बोल्ट तुम्हालाच बसवावा लागेल. पायाच्या वरच्या तोंडावर कर्ण मारून मध्य काढा, गुण्या (काटकोनी पट्टी) बाजूला उभा ठेवून ड्रिल दोन्ही बाजूंनी सरळ आहे का बघत भोक पाडा, एम ८ ला कडक लाकडात साडेसहा-सात मिमी, मऊ लाकडात सहाच्या आसपास. किती खोल जायचं ते बिटवर टेप चिकटवून ठेवा. आट्यांना मेण किंवा साबण चोळा. बोल्टच्या नटाच्या बाजूला दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा, आता पान्याने वरचा नट फिरवला की अख्खा बोल्ट लाकडात जातो. हव्या तेवढा गेला की दोन्ही नट सोडवून काढा. पक्कड थेट बोल्टच्या आट्यांवर लावली की आटे चेपतात आणि मग तो फ्रेमच्या नटात जात नाही.

उंची कमी करायची असेल तर

इथे कापण्यापेक्षा खुणा करायला जास्त वेळ द्यायचा. टेपने प्रत्येक पायाच्या तळापासून ३ सेंमी मोजून रेघ मारणं ही पद्धत सरळ पायांना एक वेळ चालेल, तिरक्या पायांना अजिबात नाही, कारण काप पायाला काटकोनात नको, जमिनीला समांतर हवा.

असं करा. एक जाड, सपाट प्लाय जमिनीवर ठेवा, पाणसळ (लेव्हल) लावून तो दोन्ही दिशांनी सरळ करून घ्या. त्यावर खुर्ची उभी करा. डुगडुगत असेल तर छोट्या पायाखाली पत्त्याचे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत राहा, सीटवर पाणसळ ठेवून हवं तसं झालं की थांबा. आता जेवढं कापायचं तेवढ्याच जाडीचा लाकडाचा एक ठोकळा घ्या, ३ सेंमी कापायचं तर ३ सेंमीचा. पेन्सिल त्या ठोकळ्यावर आडवी धरा, टोक पायाला लागेल अशी, आणि ठोकळा प्लायवर सरकवत पायाच्या चारी बाजूंनी फिरवा. पेन्सिल हातात हलू द्यायची नाही, सरकतो तो ठोकळा. चारही पायांवर अशी रेघ मारली की त्या चारही रेघा एकाच पातळीत असतात, पाय कितीही तिरका असो, एखादा मुळातच छोटा असो, सगळं आपोआप धरलं जातं. पेन्सिलची निम्मी जाडी वर जाते, ती ठोकळ्यातून वजा करा किंवा सोडून द्या, चारही पायांना सारखीच असल्याने बिघडत नाही.

रेघेवर मास्किंग टेप गुंडाळा म्हणजे कडेच्या चिपा उडत नाहीत. बारीक दातांची करवत घ्या. एका बाजूने आरपार कापत जाऊ नका, प्रत्येक बाजूला रेघेवर थोडी थोडी खाच पाडत पाय फिरवा आणि मग त्या खाचा एकमेकींना मिळवा, करवत भरकटत नाही. रेघ शिल्लक राहील एवढं बाहेरून कापा, उरलेलं सँडपेपरने. शेवटी तळाची धारदार कडा दीड-दोन मिमी तिरकी घासा, नाहीतर फर्निचर ओढताना तिथूनच लाकूड सोलून निघतं.

किती कापता येईल याला मर्यादा आहे. पायांना जोडणारी आडवी दांडी असेल तर तिच्या खाली ३-४ सेंमी तरी पाय राहिला पाहिजे. निमुळता पाय खालून कापला की तळ जाड दिसायला लागतो, दिसण्याचं पटत नसेल तर रंध्याने आतल्या दोन बाजू तासून परत निमुळता करा. ज्या सोफ्याचा बेड होतो किंवा ज्याचा पायठेवा पुढे येतो त्याला कमी करायचं मनात आणू नका, यंत्रणेला खाली जागा लागते आणि ती जमिनीला घासते. लोखंडी पाइपचे पाय असतील तर हॅकसॉने कापून कानशीने आतली-बाहेरची धार काढायची आणि पाइपच्या मापाचं नवीन रबरी बूट घालायचं, झालं.

जोड देऊन उंच करणं

पाय निघतच नाहीत अशा खुर्च्यांना हाच मार्ग. फक्त गोंदावर जोड टिकत नाही, कारण पायाचं कापलेलं तोंड गोंद पिऊन टाकतं आणि तिथे पकड कमजोर राहते. मध्ये लाकडी खुंटी हवी, १० किंवा १२ मिमीची, जुन्या पायात ३ सेंमी आणि नवीन तुकड्यात ३ सेंमी, किंवा दोन्ही टोकांना लाकडी आटे असलेला स्क्रू. पाय बारीक असेल तर खुंटीसुद्धा बारीक, भोवती सगळीकडून पायाच्या जाडीचा निदान चौथा भाग लाकूड राहिलं पाहिजे. मध्य जुळवण्यासाठी जुन्या पायाच्या मध्यावर छोटा खिळा मारा, डोकं कापून टाका, नवा तुकडा त्यावर दाबला की खूण आपोआप उमटते, मग खिळा काढून दोन्हीकडे भोकं पाडा. गोंद लावून चोवीस तास दाबून ठेवा. ५ ते ७ सेंमीपेक्षा जास्त जोड या पद्धतीने मी देणार नाही, त्याच्या वर गेलात तर मोडण्याची भीती खरी आहे. पेटी, कपाट, ड्रॉवर अशा जड वस्तूंना सुटे पाय जोडण्यापेक्षा खाली अख्खी चौकोनी फ्रेम करून देणं कितीतरी मजबूत.

पलंगाला खाली ठेवायचे तयार ठोकळे मिळतात, खोलगट, ज्यात खूर बसतो. चांगले आहेत, फक्त खोलगट भाग खुराच्या मापाचा हवा आणि पलंग भिंतीला टेकवून ठेवावा.

डुगडुगतंय? आधी जमीन तपासा

सगळं झाल्यावर हललं की लोक लगेच एखादा पाय घासायला घेतात. थांबा. फर्निचर त्याच जागी ९० अंशांत फिरवा. आता दुसराच पाय उचलला जात असेल तर दोष जमिनीचा आहे, घासून काही होणार नाही, तळाला स्क्रूने वर-खाली होणारे बूट लावा. तोच पाय दर वेळी उचलला जात असेल तर दोष पायांचा. चार पायांचं फर्निचर समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरच्या दोन लांब पायांवर झुलतं. उचललेल्या पायाखाली किती पुठ्ठे सरकतात ते बघा, तेवढी जाडी त्या लांब दोनपैकी एकाच पायातून काढायची, किंवा छोट्याला तेवढं फेल्ट लावायचं. घासताना अर्धंच घासा आणि परत उभं करून बघा.

तळाला काय लावायचं ते जमिनीवरून ठरतं, फरशीवर ओढायच्या खुर्च्यांना फेल्ट, सरकू नये अशा सोफ्याला रबर. पण ते चिकटवायच्या आधी कापलेल्या तळाला पॉलिशचे किंवा पातळ केलेल्या गोंदाचे दोन-तीन हात द्या, हे राहतंच. लाकडाचा रेषांना आडवा कापलेला भाग पाणी वर ओढून घेतो, रोज फरशी पुसताना थोडं थोडं ओलं होत पाय खालून काळा पडतो आणि फुगतो. बाकी पायाला ८०, १२०, १८० असा सँडपेपर रेषांच्या दिशेने आणि मग जुन्या रंगाशी जुळणारं पॉलिश, आधी न दिसणाऱ्या बाजूला लावून बघून. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, ओलं घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

कुठे हात लावू नये

उंच कपाट किंवा ड्रॉवरची उभी पेटी पायांवर चढवणार असाल तर भिंतीला पट्टीने बांधल्याशिवाय नाहीच. दोन ड्रॉवर एकदम उघडले आणि मुलाने खालच्यावर पाय दिला तर ते पुढे पडतं, आणि उंची वाढली की हे अजून सहज होतं. दुसरं, खरोखर जुनी, कोरीव, मूळ अवस्थेतली वस्तू असेल तर कापू नका. ठोकळे, सुटे बूट, काढता येईल असा कुठलाही उपाय करा, मूळ पाय कापल्यावर ते परत येत नाहीत.

सगळं बसलं की सोफ्याच्या मध्ये बसा, मग दोन्ही कडांना, मग उभं राहून हलकंच बाजूला ढकला आणि जोडातून आवाज येतो का ऐका. पंधरा दिवसांनी एकदा उलटं करून प्रत्येक पाय आणि प्लेटचा स्क्रू परत आवळा, नवीन लाकूड दबून थोडं सैल होतंच, आणि सैल पायावर तसंच बसत राहिलं की बोल्टचं भोक लांबट होत जातं. काढलेले जुने पाय, बोल्ट आणि वॉशर एका पिशवीत घालून, कुठल्या कोपऱ्याचा कुठला ते लिहून, सोफ्याच्या बुडाच्या कापडाआत फ्रेमलाच बांधून ठेवा.